मागे राहिलेली माणसं

पडद्यावर चित्र नाही. कानात येतो तो फक्त आवाज, तोही जुना, खरखरीत. साठ वर्षांपूर्वी कुण्या प्रेक्षकानं घरच्या टेपरेकॉर्डरवर धरून ठेवलेला. एक तरुण चिडून बोलतो आणि निघून जातो. मागे एक म्हातारा एकटाच उरतो. तो स्वतःशी बोलू लागतो, सोडून गेलेल्यांची एकेक करून आठवण काढतो. आता हाही गेला, म्हणतो. मग त्याला आपलं घर आठवतं, आणि तिथं आपल्याला परत जाता येणार नाही हे तो स्वतःशीच कबूल करतो.

हा म्हातारा काळात कुठंही जाऊ शकतो. घरी मात्र जाऊ शकत नाही.

घरातली सगळी निजली की कधीकधी मी हा तुकडा लावतो. आवाजाच्या आधारानं चेहरा उभा करण्याचा प्रयत्न करतो, आणि दर वेळी गळ्याशी काहीतरी दाटतं. २६ फेब्रुवारी १९६६ च्या शनिवारी संध्याकाळी हा प्रसंग बीबीसीवरून ब्रिटनमधल्या लाखो घरांत दिसला होता. मालिकेचं नाव ‘डॉक्टर हू’. म्हाताऱ्याच्या भूमिकेत होता विल्यम हार्टनेल.

काळप्रवासाची गोष्ट निघाली की आपण पटकन कोड्याकडे वळतो. मागे जाऊन कुणी आपल्याच आजोबांना त्यांच्या लग्नाआधी मारलं, तर मारणारा जन्मला कसा? एच. जी. वेल्सच्या १८९५ सालच्या कादंबरीतला प्रवासी आठ लाख वर्षं पुढे जाऊन आला, पण या पेचात तो कधी सापडला नाही. पुढच्या लेखकांनी हा पेच विणला आणि विज्ञानकथांच्या मासिकांनी त्याचा कीस पाडला. मात्र त्यातले आजोबा हे कागदावरचे आजोबा होते. त्यांना मारलं काय नि वाचवलं काय, कुणाचे डोळे भरून येत नव्हते. त्या कोड्यात हाडामांसाची माणसं आली ती टेलिव्हिजनवर, दर शनिवारी चहाच्या वेळेला, लंडनच्या एका कोंदट स्टुडिओतून. १९६३ ते १९६६ या तीन वर्षांत तिथं जे घडलं, त्याची ही हकिकत.

*

सिडनी न्यूमन हा कॅनडाचा माणूस. बीबीसीच्या नाट्यविभागाची सूत्रं त्याच्याकडे आली तेव्हा शनिवार संध्याकाळच्या कार्यक्रमांत एक फट होती. खेळांचा ‘ग्रँडस्टँड’ संपायचा आणि तरुणांचा ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ सुरू व्हायचा. मधल्या वेळात मुलांनी आणि मोठ्यांनी एकत्र बसून पाहावं असं काही नव्हतं. न्यूमनला तिथं एक मालिका हवी होती. प्रवासी भूतकाळात गेले की मुलांना इतिहास कळावा, भविष्यात गेले की विज्ञान. म्हणून पात्रांत दोन शिक्षक घेतले: इतिहास शिकवणारी बार्बरा राइट आणि विज्ञान शिकवणारा इयान चेस्टरटन. त्यांच्या वर्गातली पंधरा वर्षांची सुझन आणि तिचे गूढ, तिरसट आजोबा, ज्यांना सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर पोलिसांना फोन करण्यासाठी निळ्या पेट्या उभ्या असत. अँथनी कोबर्न या लेखकानं डॉक्टरचं यंत्र तसल्याच एका पेटीच्या रूपात दाखवलं. बाहेरून पेटी, आत प्रशस्त दालन. नाव टार्डिस.

निर्मितीची जबाबदारी न्यूमननं व्हेरिटी लॅम्बर्टवर टाकली. ती २७ वर्षांची होती. बीबीसीच्या नाट्यविभागातली त्या वेळची सर्वांत तरुण आणि एकमेव स्त्री निर्माती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, वय वर्षं २४. जन्म लखनौचा. फाळणीच्या सुमारास हे कुटुंब इंग्लंडला आलं. त्याची आई अतिया हुसेन यांची ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही कादंबरी मालिकेच्या दोनच वर्षं आधी आली होती. लखनौच्या एका जुन्या घराण्याची, फाळणीनं विस्कटलेल्या एका घराची ती गोष्ट. मुलाच्या वाट्याला आलेल्या पहिल्या मोठ्या कामातही घरापासून तुटलेले आजोबा आणि नातच होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. परतीची वाट बंद झालेल्या माणसाची गोष्ट त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जागा मिळाली ती लाइम ग्रोव्हचा ‘डी’ स्टुडिओ. जुना, अरुंद, दिव्यांच्या उष्णतेनं भट्टीसारखा तापणारा. पैशांची ओढाताण होतीच. आठवडाभर तालमी करायच्या आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळा भाग नाटकासारखा सलग चित्रित करायचा. व्हिडिओटेप महाग, ती कापून जोडणं त्याहून कटकटीचं. त्यामुळे थांबून पुन्हा चित्रण करायचं ते अगदी नाइलाज झाला तरच. एखादा नट वाक्य अडखळत बोलला तर ते तसंच प्रक्षेपित व्हायचं. शतकं मागे जाणाऱ्या माणसांची गोष्ट अशा ठिकाणी बनत होती, जिथं दोन मिनिटंसुद्धा मागे जाणं परवडत नव्हतं. हार्टनेलच्या तोंडून घसरलेले कितीतरी शब्द आजही त्या भागांत जसेच्या तसे आहेत.

पैसा नसला की हात कामाला लागतात. बीबीसीच्या ध्वनिप्रयोगशाळेत ब्रायन हॉजसनला टार्डिसचा आवाज हवा होता. त्यानं एका जुन्या पियानोच्या जाड तारांवरून घराच्या दाराची किल्ली खरवडत ओढली, तो आवाज टेपवर घेतला, उलटसुलट केला, त्याला प्रतिध्वनी जोडला. काळाचं पोट फाटत असल्यासारखा तो कण्हणारा आवाज आज साठ वर्षांनंतरही तोच आहे. रॉन ग्रेनरनं कागदावर लिहून दिलेली शीर्षकधून डेलिया डर्बिशरनं टेपचे तुकडे ब्लेडनं कापून, एकेक सूर हातानं जोडत उभी केली. सिंथेसायझर तेव्हा बाजारात यायचा होता.

पहिला भाग २७ सप्टेंबर १९६३ ला चित्रित झाला आणि फसला. टार्डिसची दारं नीट मिटेनात, कॅमेरे चुकले, डॉक्टर फारच तुसडा वाटला. न्यूमननं लॅम्बर्ट आणि हुसेन यांना जेवायला नेलं, चुका एकेक करून दाखवल्या आणि सगळं पुन्हा करायला सांगितलं. १८ ऑक्टोबरला भाग नव्यानं चित्रित झाला आणि २३ नोव्हेंबरला प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडी यांची हत्या झाली होती. सारं जग त्या बातमीनं सुन्न झालेलं. म्हणून पुढच्या शनिवारी, ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाआधी पहिला भाग परत दाखवण्यात आला. एकदा स्टुडिओत आणि एकदा पडद्यावर, अशी या मालिकेला दोनदा मागे जाऊन सुरुवात करावी लागली.

डिसेंबरअखेर लेखक टेरी नेशनचे यांत्रिक शत्रू, डालेक, आले, मुलं कोचामागे लपून ती यंत्रं पाहू लागली आणि प्रेक्षकसंख्या कोटीच्या घरात गेली. मालिका जगली ती डालेकांमुळे, हे खरंच. पण तिच्यात जीव ओतला तो आता विस्मरणात गेलेल्या ऐतिहासिक कथांनी.

*

२३ मे १९६४ पासून चार शनिवार ‘द ॲझटेक्स’ ही कथा दाखवली गेली. लेखक जॉन ल्युकारोटी. टार्डिस पंधराव्या शतकातल्या मेक्सिकोत, एका मंदिराच्या आत, पुरोहिताच्या थडग्यात उतरते. बार्बरा त्या मृत पुरोहिताचं कंकण सहज हातात घालते. दार उघडून बाहेर येते तर लोक तिला त्याचा पुनर्जन्म मानतात. ती देवता होते. आणि बार्बरा तर इतिहासाची शिक्षिका. काही दशकांत कोर्तेस समुद्र ओलांडून येणार आणि ही सगळी संस्कृती धुळीला मिळणार, हे तिला ठाऊक आहे. तिला वाटतं, इथं चालणारा नरबळी आपण थांबवला तर स्पॅनिश लोकांना या माणसांत केवळ क्रौर्य दिसणार नाही. कदाचित जे सुंदर आहे ते वाचेल.

डॉक्टर तिला निक्षून बजावतो की इतिहासाला हात लावता येणार नाही. मालिकेच्या लेखनाची बाजू सांभाळणाऱ्या डेव्हिड व्हिटेकरनं हा दंडक घातला होता आणि त्यामागचं कारण व्यवहारी होतं. मुलांना इतिहास शिकवायचा म्हणून कार्यक्रम सुरू केला. त्यात पात्रांनीच इतिहास बदलला तर शिकवणार काय? पण शाळामास्तरी सोयीसाठी केलेल्या या नियमातून एक शोकांतिका निघाली.

पावसासाठी एक तरुण बळी जाणार आहे. बार्बरा देवतेच्या अधिकारानं त्याला थांबवते. त्या तरुणाला तो मान हिरावला गेल्यासारखा वाटतो. अपमान सहन न होऊन तो मंदिरावरून स्वतःला खाली झोकून देतो. आणि पाऊस पडतो. बळीचा पुरोहित लोकांना म्हणायला मोकळा, की बघा, बळी लागतोच, आणि ही देवता खोटी आहे. बार्बरानं एका मरणाचं फक्त कारण बदललं, मरण टळलं नाही. उलट ज्यांना वाचवायला ती निघाली, त्यांचाच तिच्यावरचा विश्वास उडाला.

विरोधाभासाचं गणित बार्बराला कुणी सांगत नाही. जॅकलिन हिल या अभिनेत्रीचा चेहरा सगळं सांगतो: आधी निर्धार, मग अविश्वास, मग आपल्या हातांनी काय झालं ते कळून येणारी थंड भीती. काळ बदलत नाही तो कुठल्या समीकरणामुळे नव्हे, तर माणसं आपापल्या श्रद्धेला चिकटून असतात म्हणून, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं.

मराठी वाचकाला ही ओढ नवी नाही. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न आपल्याकडे शाळेच्या बाकापासून दिवाळी अंकापर्यंत विचारला जातो. जयंत नारळीकरांनी आपल्या कथेत गंगाधरपंतांना थेट त्या जगात नेऊन सोडलं, जिथं गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले. त्यांच्यातला शास्त्रज्ञ शक्यतांच्या दुसऱ्या जगाचं दार उघडतो. बार्बराला ते दार नाही. तिच्यासाठी जग एकच आहे आणि त्यात जे व्हायचं ते होणारच आहे. आपण पानिपताविषयी बोलताना उसासा टाकतो तो खरं म्हणजे बार्बराचा उसासा असतो.

शेवटी डॉक्टर तिची समजूत घालतो. संस्कृती वाचली नाही, पण एक माणूस वाचला: ज्ञानाचा वृद्ध पुरोहित आउटलॉक, जो तिच्यामुळे बळीच्या धर्मापासून दूर झाला आणि स्वतःचं सत्य शोधायला रानात निघून गेला. मग शेवटचा छोटा क्षण. कॅमेका नावाच्या एका प्रौढ, शहाण्या स्त्रीशी डॉक्टरचा जीव जुळलेला आहे. तिनं त्याला आठवण म्हणून एक अलंकार दिला आहे. निघताना तो अलंकार थडग्यावर ठेवतो. दोन पावलं जातो. थांबतो. मागे वळतो, तो उचलून मुठीत घेतो आणि आत शिरतो. इतिहासाला धक्का न लावता त्याला तेवढंच नेता आलं.

*

त्याच वर्षी २६ डिसेंबरला काळप्रवासानं पहिला मोठा घाव घातला तो खुद्द आजोबांच्या घरात. डालेकांनी उद्ध्वस्त केलेल्या भविष्यातल्या लंडनमध्ये सुझन डेव्हिड नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडली आहे. तिला राहावंसं वाटतं, पण आजोबांना कसं सोडणार? ती निवड करू शकणार नाही हे आजोबा ओळखतात. तिच्या बुटाचा तळ झिजून भोक पडलंय म्हणून तो बूट त्यांनी दुरुस्तीला घेतलेला. ते आत जातात आणि दार लावून घेतात. बाहेर ती, आत ते, मध्ये निळी पेटी. आतून ते तिचा निरोप घेतात, एक दिवस परत येण्याचं वचन देतात आणि तिच्या डोळ्यांसमोर पेटी विरून जाते. सुझनच्या हातून टार्डिसची किल्ली ढिगाऱ्यात पडते.

सुझनचं काम करणाऱ्या कॅरोल ॲन फोर्डला मालिका सोडायची होती, एवढंच व्यावहारिक कारण होतं. पण प्रेक्षकांनी पाहिलं ते वेगळंच. हार्टनेल तेव्हा ५६ वर्षांचा होता. लष्करी सार्जंट आणि गुन्हेगार अशा कठोर भूमिकांसाठी ओळखला जाणारा नट. स्वतःचा बाप कोण हे माहीत नसताना वाढलेला. दार बंद करून नातीशी बोलताना त्याचा आवाज ज्या प्रकारे कापतो, तो कापरा तालमीत बसवून येत नाही. पुढे त्याचं चरित्र लिहिलं तेही त्याच्या नातीनंच.

काळप्रवासी मुक्त असतो, ही कल्पना त्या संध्याकाळी मोडीत निघाली. मागे राहिलेल्याला तरी पायाखाली जमीन असते. निघून जाणाऱ्याच्या हातात फाटका बूट उरतो.

पुढच्या जूनमध्ये इयान आणि बार्बरा घरी परतले. डालेकांचं यंत्र वापरून १९६५ च्या लंडनमध्ये उतरले. दोन वर्षं उशिरा. ट्राफल्गार चौकातले त्यांचे फोटो पडद्यावर एकामागून एक येतात. मग बसमध्ये इयान जुन्या भाड्याप्रमाणे तिकीट मागतो आणि कंडक्टर त्याच्याकडे चमकून पाहतो. शतकं पालथी घालून आलेली माणसं दोन वर्षांच्या भाडेवाढीपुढे अडखळली. दोघं हसतात. पण गेलेला काळ आपल्याशिवाय गेला हे त्यांना त्या तिकिटानं सांगितलं. गाव सोडून वर्षांनी परतणाऱ्या कुणालाही हा अनुभव सांगावा लागत नाही. दूरवरून एका यंत्रात त्यांना पाहणारा डॉक्टर हळूच म्हणतो की या दोघांची उणीव आपल्याला भासेल.

१९६५ च्या जुलैत दंडकाला पहिली फट पडली. ‘द टाइम मेडलर’ या कथेत १०६६ साली एक भोंदू साधू हेस्टिंग्जची लढाई राजा हॅरॉल्डला जिंकून द्यायला निघतो. तो डॉक्टरच्याच लोकांपैकी आहे आणि इतिहास बदलणं त्याला खेळ वाटतो. तिथं पहिल्यांदा सहप्रवासी प्रश्न विचारतात: तो यशस्वी झाला तर आपल्या आठवणीसुद्धा बदलतील का? म्हणजे इतिहास बदलू शकतो. म्हणजे बार्बराला जे अशक्य म्हणून सांगितलं, ते अशक्य नव्हतंच. ते निषिद्ध होतं.

हा फरक ध्यानात ठेवला की १९६६ च्या फेब्रुवारीतला तो आवाज का जाळतो ते कळतं. कथा पॅरिसची, ऑगस्ट १५७२. सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी ह्युगेनॉट प्रॉटेस्टंटांची कत्तल होणार आहे. डॉक्टरचा सहप्रवासी स्टीव्हन याला ॲन शॅपलेट नावाची एक ह्युगेनॉट मोलकरीण भेटते. पोरगी भेदरलेली आहे, पण त्याच्यासाठी धोका पत्करते. कत्तलीच्या आदल्या रात्री कोणता दिवस उजाडतोय हे डॉक्टरच्या ध्यानात येतं. तो ॲनला तिच्या नातलगांकडे जायला सांगतो आणि स्टीव्हनला ओढत टार्डिसमध्ये नेतो. पेटी उडाल्यावर स्टीव्हनला कळतं की मागे काय होणार होतं. तिला बरोबर घेता आलं असतं, तो ओरडतो. एक पोरगी. कोणत्या इतिहासग्रंथात तिचं नाव आहे?

डॉक्टरकडे उत्तर नाही. स्टीव्हन निघून जातो आणि म्हातारा एकटा उरतो, तो हाच क्षण.

इथं विरोधाभासाचं टोक उघडं पडतं. काळ बदलायचा नाही हे मान्य केलं तर ॲनला मरू द्यावं लागतं. ती वाचेल म्हणून तिला नेलं तर पुढच्या चारशे वर्षांत काय हलेल हे कुणाला ठाऊक? तर्काला दोन्ही बाजू सारख्याच. माणसाला त्या सारख्या वाटत नाहीत, कारण एका बाजूला ॲनचा चेहरा आहे. पुढच्याच क्षणी डोडो नावाची मुलगी ती खरीच पोलीस पेटी समजून आत येते. तिचं आडनाव शॅपलेट. ॲन वाचली असेल, तिचा वंश चालला असेल, अशी आशा परतलेला स्टीव्हन त्या एका आडनावाला बांधतो. दुःखी माणूस जगायला एवढ्याशा धाग्याचाही आधार घेतो.

*

त्या वर्षअखेर हार्टनेल मालिकेतून गेला. त्याला धमन्या कठीण होण्याचा आजार जडला होता आणि पाठ केलेली वाक्यं त्याच्या मनातून निसटत होती. शुक्रवारी संध्याकाळी सलग चित्रित होणाऱ्या मालिकेत ही गोष्ट लपून राहणारी नव्हती. निर्माता इनिस लॉइड आणि लेखनसंपादक जेरी डेव्हिस यांनी मार्ग काढला: डॉक्टरचं शरीर झिजलं की त्याला नवं शरीर मिळतं. २९ ऑक्टोबर १९६६ ला ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या चौथ्या भागात हार्टनेल टार्डिसच्या जमिनीवर कोसळला, चेहरा उजेडात विरला आणि त्यातून पॅट्रिक ट्राउटन उठला. मालिकेला अमरत्व मिळालं ते एका माणसाच्या विस्मरणातून. आज जगभर वाखाणल्या जाणाऱ्या या युक्तीच्या मुळाशी खचलेला, वाक्य शोधणारा एक नट आहे, हे विसरू नये. १९७२ च्या अखेरीस सुरू झालेल्या दहाव्या वाढदिवसाच्या कथेत तो शेवटचा दिसला; बसलेला, समोर धरलेल्या कागदांवरून वाक्यं वाचत. २३ एप्रिल १९७५ ला त्याचं निधन झालं.

आणि तोवर ते भागही पुसले जात होते. व्हिडिओटेप महाग होती आणि पुन्हा वापरता येई. घरी बसून जुना कार्यक्रम पाहण्याची सोय नव्हती. कलावंतांच्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत टेलिव्हिजन आला तसं कृष्णधवलाला कोण विचारणार असं वाटलं. परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रती मुदत संपल्यावर नष्ट झाल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे चाललं. वारिस हुसेननं सातपैकी सहा भाग दिग्दर्शित केलेली ‘मार्को पोलो’ ही कथा पूर्ण गेली. ॲन शॅपलेटचे चारही भाग गेले. हार्टनेलचा शेवटचा भाग गेला. चेहरा बदलण्याचे तेवढे काही सेकंद ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात वापरले होते म्हणून उरले.

यात कुणाचं कपट नव्हतं. पुसणाऱ्यांना भविष्य ठाऊक नव्हतं, एवढंच. बार्बराला ते ठाऊक होतं आणि तरी तिला काही वाचवता आलं नाही. यांना वाचवता आलं असतं, पण ठाऊक नव्हतं.

वाचवलं ते प्रेक्षकांनी. टेलिव्हिजनजवळ टेपरेकॉर्डर मांडून बसणारी मुलं ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी होती, आणि त्यांच्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे. जॉन क्युरा नावाचा छायाचित्रकार पडद्यावरच्या कार्यक्रमांचे फोटो काढून कलाकारांना विकायचा. त्याच्या बोटभर चौकटींतून कित्येक गेलेले चेहरे आजही पाहता येतात. २०१३ मध्ये फिलिप मॉरिस या शोधकाला नायजेरियातल्या जोस शहरातल्या प्रक्षेपण केंद्रात ट्राउटनच्या काळातले नऊ हरवलेले भाग सापडले. त्यानंतरही साठच्या दशकातल्या २५३ भागांपैकी ९७ भागांचं चित्र नव्हतं.

*

२००५ मध्ये मालिका नव्यानं सुरू झाली आणि १४ मे रोजी पॉल कॉर्नेलनं लिहिलेला ‘फादर्स डे’ हा भाग आला. रोज टायलर १९ वर्षांची. ती तान्ही असताना, ७ नोव्हेंबर १९८७ ला, तिचे वडील पीट गाडीखाली सापडून रस्त्यावर एकटेच मेले. निदान शेवटच्या क्षणी त्यांचा हात धरायला कुणीतरी असावं, एवढ्याचसाठी ती डॉक्टरला तिथं न्यायला सांगते. पण गाडी येताना दिसली की तिला राहवत नाही. ती धावते आणि वडिलांना बाजूला ढकलते.

बार्बराला जे करता आलं नाही ते रोजनं केलं. आणि जग जखमी झालं. काळाच्या त्या जखमेतून आलेले प्राणी माणसं गिळू लागले, आणि ती गाडी मात्र चर्चबाहेरच्या रस्त्याच्या वळणावर पुन्हा पुन्हा उमटत राहिली. आजोबांचा पेच तोच. फक्त इथं मरायचं कुणी ते पीटच ठरवतो. ही अनोळखी मुलगी आपलीच आहे हे त्याला कळलं आहे. तू वाढत असताना मी कसा बाप होतो, असं तो विचारतो. ती प्रेमळ, सतत घरात असलेल्या बापाचं गोड चित्र रंगवते. तो ओळखतो की असा बाप तो नव्हता. मग तो फुलदाणी हातात घेऊन बाहेर धावतो, गाडीसमोर उभा राहतो. या वेळी रोज त्याचा हात धरून बसते.

इतिहास जवळजवळ होता तसाच राहतो. वडील त्याच दिवशी गेले. बदललं एवढंच, की ते एकटे गेले नाहीत.

१९६४ च्या मंदिरात बार्बराला मिळालेलं उत्तर आणि हे उत्तर एकच आहे, चाळीस वर्षांच्या अंतरानं. काळाला वाकवता येत नाही. त्याच्या काठावर उभ्या असलेल्या एका माणसाचा हात धरता येतो. काळप्रवासाच्या कथा मी ज्या ओढीनं पाहतो तिचं कारण एवढंच आहे. आपल्या प्रत्येकाकडे एक दिवस असतो, जिथं परत जाऊन काहीतरी करायचं राहिलं आहे. या कथा तो दिवस बदलून देत नाहीत. तो दिवस आपल्या शेजारी बसून पुन्हा पाहतात.

सुझनला दिलेलं वचन मात्र अजून फिटलेलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात कॅरोल ॲन फोर्ड, वयाची ऐंशी ओलांडलेली, पुन्हा सुझन म्हणून पडद्यावर आली. डॉक्टरच्या मनात उमटलेली प्रतिमा म्हणून, काही क्षणांपुरती. तो आता कितव्यांदा तरी बदललेला, तरुण, ती म्हातारी. आजोबा नातीहून कोवळे झाले होते. तिला दार लावून निघून गेलेला तो चेहरा आता फक्त जुन्या फिल्मवर आहे, आणि जिथं फिल्म नाही तिथं आवाजात.

रात्री मी ते रेकॉर्डिंग संपू देतो. एकेकाळी कुणीतरी टेलिव्हिजनसमोर श्वास रोखून बसलं होतं, म्हणून हा आवाज माझ्यापर्यंत आला. त्या मुलाला ठाऊक नव्हतं की चित्र जाणार आहे. त्यानं फक्त जपून ठेवलं.